घोडनदीकाठची हमी

वसईच्या तहानंतर पंधरा वर्षे पुण्याच्या गादीची राखण शनिवारवाड्यात नव्हे, शिरूरला होत होती. पुण्याहून नगरच्या वाटेला लागले की साधारण ६७ किलोमीटरवर घोड नदी आडवी येते. तिच्या काठावर, आज जिथे तालुक्याचे गाव वसले आहे, तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या तैनाती फौजेची छावणी होती. पेशवा पुण्यात, कंपनीचा रेसिडेंट मुळा-मुठेच्या संगमावरच्या बंगल्यात, पुण्याजवळ गारपिरावर एक लहान तुकडी, आणि खरी ताकद मात्र घोडनदीकाठी. पेशव्यांवर कोणी चाल करून आला तर आधी या छावणीशी गाठ पडेल, असा सारा हिशेब होता.

बलाढ्य मित्राने दुसऱ्याच्या रक्षणाची हमी घ्यायची, आणि ती हमी पाहूनच शत्रूने पाऊल मागे घ्यायचे, हा व्यवहार आज अण्वस्त्रांच्या भाषेत बोलला जातो. अमेरिकेचे अण्वस्त्रछत्र जपानवर आहे, दक्षिण कोरियावर आहे, युरोपातल्या नाटो देशांवर आहे. पण त्यातला अवघड प्रश्न अणुबॉम्बहून जुना आहे. वेळ आली तर हा मित्र खरोखर येईल का? आणि आला, तर परत जाईल का?

पहिल्या प्रश्नाचे कडू उत्तर हैदराबादच्या निजामाला १७९५ साली मिळाले होते. त्या काळात दख्खनमधली चढती सत्ता म्हणजे मराठेच. नाना फडणविसांनी शिंदे, होळकर, भोसले अशा सगळ्यांना एका झेंड्याखाली आणले आणि चौथाईच्या थकबाकीवरून निजामावर मोहीम काढली. निजाम कंपनीचा दोस्त होता; टिपूविरुद्धच्या लढाईत तिच्या बाजूने उतरला होता. त्याने मदत मागितली. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी हात वर केले. मराठेही टिपूविरुद्धच्या त्याच करारातले दोस्त, तेव्हा दोन दोस्तांच्या भांडणात पडायचे कशाला, हा त्यांचा युक्तिवाद. कागदावर तो बिनचूक होता. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला, म्हणजे आजच्या जामखेड तालुक्यात, निजामाचा सपशेल पराभव झाला.

त्यानंतर निजामाने जे केले ते कोणत्याही काळातल्या सोडून दिलेल्या दोस्ताने केले असते. त्याने रेमंड या फ्रेंच सेनानीचा कंपू वाढवला. इंग्रज येत नसतील तर फ्रेंच बरे! हे पाहून कलकत्त्यात धावपळ उडाली. नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनी सप्टेंबर १७९८ मध्ये निजामाशी नवा तह केला आणि ऑक्टोबरात त्या फ्रेंच कवायती कंपूची शस्त्रे हैदराबादेतच काढून घेतली. वेलस्लींनी खर्ड्याचा धडा असा गिरवला, की नुसत्या शब्दावर दोस्त विसंबत नाही आणि शत्रूही घाबरत नाही. मग शब्दाऐवजी पलटणी ठेवायच्या, त्याही दोस्ताच्याच मुलखात आणि दोस्ताच्याच खर्चाने. तैनाती फौज हे अस्त्र वेलस्लींनी शोधले नाही, पण त्याला धार त्यांनी लावली.

नाना फडणविसांनी पुण्याच्या दाराशी ही फौज येऊ दिली नव्हती. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले आणि अडीच वर्षांत दार उघडले.

२५ ऑक्टोबर १८०२. दिवाळीचा दिवस. हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरांनी पेशवा दुसरा बाजीराव आणि दौलतराव शिंदे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. बाजीरावाने यशवंतरावांचे भाऊ विठोजी यांना आदल्या वर्षी पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. तेव्हा आपली गत काय होईल याबद्दल त्याला शंका नव्हती. सिंहगड, रायगड, महाड असे करत तो कोकण किनाऱ्याला लागला आणि इंग्रजी जहाजातून वसईला उतरला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तिथे तह झाला. कंपनीने पेशव्यांच्या मुलखात कायम सहा हजारांहून कमी नाही इतके पायदळ तोफखान्यासह ठेवायचे. त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या कोणत्याही युरोपीय माणसाला नोकरीत ठेवायचे नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या भांडणात कंपनीचा निवाडा मानायचा. आणि इतर सत्तांशी परस्पर बोलणी करायची नाहीत.

शेवटची तीन कलमे संरक्षणाची नव्हेत, लगामाची आहेत. पण बाजीरावाला त्या क्षणी होळकर दिसत होता.

हमी लागू पडली, तीही चटकन. लॉर्ड वेलस्लींचे धाकटे भाऊ आर्थर वेलस्ली, पुढचे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हैसूरकडून फौज घेऊन निघाले. यशवंतराव तोवर उत्तरेकडे निघून गेले होते. मागे राहिलेले बाजीरावाचे दत्तक भाऊ अमृतराव पुणे जाळणार अशी आवई कानी आली, तेव्हा वेलस्लींनी घोडदळासह सुमारे ३२ तासांत ६० मैल तोडले आणि २० एप्रिल १८०३ रोजी पुणे गाठले. गोळी झाडावी लागली नाही. १३ मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसला. धाक म्हणतात तो हाच: लढाई न होता शत्रूची वाट बदलणे.

मात्र एकाचा धाक ही दुसऱ्याची धास्ती असते. पुण्याच्या गादीवर कंपनीचे छत्र आले याचा अर्थ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना लगेच उमगला. वर्ष सरायच्या आत युद्ध पेटले. ऑगस्टात नगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड गेला. पेशव्याला वाचवण्यासाठी केलेला तह मराठेशाही मोडणाऱ्या युद्धाचे कारण ठरला. डिसेंबरातच वसईच्या तहाला पुरवणी जोडून खर्चाच्या मुलखाची अदलाबदल झाली आणि बुंदेलखंडातला प्रदेश कंपनीच्या पदरात पडला.

छावणीसाठी शिरूर निवडण्यामागचा हिशेब नकाशा पाहिला की कळतो. नगरचा किल्ला आता कंपनीकडे. दारूगोळ्याची आणि रसदीची कोठी तिथे करता येत होती. उत्तरेकडून, म्हणजे शिंदे-होळकरांच्या बाजूने पुण्यावर येणाऱ्या फौजेची एक मुख्य वाट हीच. दक्षिणेला भीमा, आणि भीमेच्या खोऱ्यात दौंड-बारामतीचा तो जुना भीमथडीचा पट्टा, जिथल्या तट्टांनी मराठ्यांचे घोडदळ हिंदुस्थानभर फिरवले. तेव्हा शिरूरची फौज बाहेरच्या शत्रूच्या वाटेत उभी होती हे खरे. पण तिथून पुणेही एका रात्रीच्या आणि एका दिवसाच्या कूचावर होते. पेशव्याला डोळ्यांसमोर सतत गोरे शिपाई दिसू नयेत इतकी ती लांब, आणि पेशव्याने काही वावगे केले तर दुसऱ्या दिवशी दारात हजर होईल इतकी जवळ. त्या जागेची हुशारी या दुहेरीपणात होती.

दक्षिण कोरियाकडे पाहिले तर हाच दुहेरीपणा वेगळ्या पोशाखात दिसतो. १९५३ च्या संरक्षण करारानंतर अमेरिकी फौज तिथे राहिली. १९५८ पासून १९९१ पर्यंत अमेरिकेची अण्वस्त्रेही त्या भूमीवर होती. उत्तरेने चाल केली तर पहिल्याच दिवशी अमेरिकी सैनिक मरतील आणि मग वॉशिंग्टनला मागे फिरता येणार नाही, ही त्यामागची खरी हमी. शिरूरला कंपनीने नेमके हेच मांडले होते. दुसरी बाजूही तशीच. सत्तरच्या दशकात पार्क चुंग-ही यांनी स्वतःचा अणुबॉम्ब करण्याची गुपचूप तयारी चालवली, तेव्हा ती बंद पाडली त्याच अमेरिकेने. युद्ध झाले तर संयुक्त फौजेची सूत्रे अजूनही अमेरिकी सेनापतीकडे जातात. साम्य इथेच संपते, हेही सांगितले पाहिजे: कोरियाने त्या छत्राखाली उद्योग उभारले, लोकशाही आणली आणि आपली फौज तगडी केली. बाजीरावाने यातले काही केले नाही.

छावणीत दिवस लढाईचे नव्हते, वाट पाहण्याचे होते. असईला ब्रिगेड चालवलेले आणि पुढे तैनाती फौजेचे प्रमुख झालेले कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली शिरूरला वारले. त्यांच्या थडग्याची हकीकत १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे, आणि ती तहाच्या सगळ्या कलमांहून चमत्कारिक आहे. शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक या इंग्रज कर्नलला ‘सत्पुरुष’ मानून पुजत. सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर ठेवत. परक्या फौजेचा सरदार गावच्या देवतांत कसा जाऊन बसला हे राजकारणाच्या इतिहासाने सुटणारे कोडे नाही. गावाने छावणीकडे तहाच्या चष्म्यातून पाहिले नव्हते, इतके मात्र त्यावरून म्हणता येते.

१८११ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून पुण्यात आले आणि त्या हमीचा आणखी एक पदर उलगडला. बाहेरचा शत्रू उरला नव्हता, म्हणून बाजीराव दक्षिणेतल्या आपल्याच जहागीरदारांकडे वळला. पटवर्धनांसारख्या सरदारांचे जुने हिशेब त्याला चुकते करायचे होते, आणि त्यासाठी कंपनीची फौज आपल्या बाजूला आहेच असा त्याचा समज. एल्फिन्स्टननी १८१२ मध्ये पंढरपूरला तडजोड करवली: जहागीरदारांनी पेशव्यांची चाकरी करावी, बळकावलेला मुलूख सोडावा; त्यांच्या बाकीच्या मुलखाला धक्का लागणार नाही याची हमी कंपनीची. म्हणजे पेशव्याला होळकरापासून वाचवणारी कंपनी आता पेशव्याच्या सरदारांना पेशव्यापासून वाचवू लागली. बाजीरावाचा जळफळाट झाला तो इथून पुढे.

पेंढाऱ्यांनी तर या हमीची आणखीच उणीव दाखवली. धाक बसतो तो घरदार, राजधानी, मुलूख असलेल्याला. पेंढाऱ्यांना यातले काहीच नव्हते. चपळ घोडी, हलका सरंजाम, आज इथे तर उद्या पन्नास मैलांवर. १८१६ साली त्यांच्या टोळ्या थेट पूर्व किनाऱ्यावरच्या गुंटूरपर्यंत, कंपनीच्या खुद्द मुलखात लूटमार करून आल्या. छावण्या जागच्या जागी राहिल्या. हद्द नसलेल्या शत्रूला जरब बसवायची कशी, हा प्रश्न दहशतवादाने आजच्या अण्वस्त्रधारी देशांनाही घातला आहे आणि त्यांच्याकडेही त्याचे फारसे चांगले उत्तर नाही.

मधल्या काळात पुणे आणि संगमावरचा बंगला यांच्यात पुरते फाटले. बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या अभयावर पुण्याला आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला. आता पणाला लागली होती ती कंपनीच्या शब्दाची पत. खर्ड्याला जी एकदा बुडाली ती पुन्हा बुडू द्यायची नाही, असे एल्फिन्स्टन वागले. त्रिंबकजींना ताब्यात घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. मग १३ जून १८१७ चा पुण्याचा तह. बाजीरावाने मराठा मंडळाचे प्रमुखपण सोडायचे, आणि कंपनीने पोसायच्या वाढीव फौजेसाठी ३४ लाखांचा मुलूख द्यायचा. त्याच पैशातून शिरूरला ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ हे नवे घोडदळ उभे राहिले.

आणि नेमक्या याच वेळी शिरूरची छावणी रिकामी झाली.

कारण पेंढारी. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी त्यांच्याविरुद्ध चहूबाजूंनी मोहीम आखली होती आणि दख्खनच्या फौजांना उत्तरेकडे सरकायचे होते. ऑगस्टमध्ये कंपनीचे मुत्सद्दी सर जॉन माल्कम बाजीरावाला साताऱ्याजवळ माहुलीला भेटले. पेशव्याच्या गोड बोलण्याने ते विरघळले. पेंढाऱ्यांच्या मोहिमेत तो मदत करील असा त्यांचा ग्रह झाला. जामीन म्हणून घेतलेले सिंहगड, पुरंदर, रायगड परत देण्यात आले. एल्फिन्स्टनना हे पटले नव्हते, पण मोठी मोहीम आपल्यामुळे अडू नये म्हणून त्यांनीही जनरल लायोनेल स्मिथना जाऊ दिले. स्मिथ फौज घेऊन गोदावरीकडे गेले. शिरूरला एक पलटण आणि ते नवे घोडदळ राहिले. माल्कमची चूक अशी, की त्यांनी बाजीरावाचा चेहरा वाचला आणि त्याचा अपमान मोजायचा राहिला.

ऑक्टोबरभर पुण्यात पेशव्यांची फौज जमत होती. १ नोव्हेंबरला एल्फिन्स्टननी गारपिरावरची तुकडी खडकीला हलवली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली मराठे खडकीवर चालून गेले. बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. संगमावरचा बंगला एल्फिन्स्टनच्या पुस्तकांसकट जळाला, पण खडकीची फळी फुटली नाही. तिकडे गोदावरीकाठी स्मिथना वेगळा सांगावा धाडण्याची गरज पडली नाही. पुण्याचे टपाल तुटले की परत फिरायचे, हे आधीच ठरले होते. टपाल तुटले, स्मिथ फिरले. मराठा घोडदळाने नगरपासून त्यांच्या रसदीवर झडप घातली, बैल पळवले, तरी १३ तारखेला ते पुण्यापाशी पोचले आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ज्या पेशव्याचे रक्षण करायला ही फौज ठेवली होती, तिनेच त्याचे शहर घेतले.

शिरूरच्या उरलेल्या पलटणीची पाळी वर्षाच्या शेवटच्या रात्री आली. स्मिथला झुलवत फिरणारा बाजीराव जुन्नरच्या बाजूने एकाएकी पुण्याकडे वळला. पुणे सांभाळणाऱ्या कर्नल बर यांनी शिरूरकडे कुमक मागितली. ३१ डिसेंबरच्या रात्री आठच्या सुमारास कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन निघाला: मुंबई पायदळाची सुमारे ५०० शिपायांची पलटण, अडीचशेच्या वर स्वार, दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे २४ युरोपीय गोलंदाज. एकूण ८३४. रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ च्या सकाळी दहाला ते कोरेगावच्या टेकाडावर आले, तेव्हा भीमेपलीकडे पेशव्यांची सुमारे २८ हजारांची फौज पसरलेली दिसली. स्टाँटनने नदी ओलांडण्याचे सोडून गावात आसरा घेतला. पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि इतर पायदळाच्या तुकड्या गावात घुसल्या. दिवसभर गल्ल्यांत, वाड्यांच्या भिंतींआड लढाई चालली. रात्रभर चाललेल्या शिपायांना ना अन्न ना पाणी; नदी डोळ्यांसमोर, पण पाण्याची वाट मराठ्यांच्या ताब्यात. एक तोफ गेली, तिच्यावरचा अधिकारी चिझम मारला गेला, मरणाच्या दारातल्या पॅटिन्सन या अधिकाऱ्याने पुन्हा उठून ती परत मिळवली. रात्री नऊच्या सुमारास मारा थांबला.

स्मिथ मागावर होते, म्हणून पेशव्यांची फौज पुढे निघून गेली. स्टाँटनही पुण्याला गेला नाही. २ जानेवारीला अंधार पडल्यावर जखमींना घेऊन तो शिरूरला परतला. त्याचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५. त्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कंपनीने १८२१ मध्ये पाया घातलेल्या स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ त्यांची आहेत. हा स्तंभ भीमेच्या दुसऱ्या काठाला, पेरणे हद्दीत उभा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे आले आणि त्या दगडाला कंपनीच्या विजयाहून मोठा अर्थ मिळाला. तो अर्थ आज दरवर्षी लाखो माणसांना तिथे आणतो.

कोरेगावच्या त्या दिवसाची एक बारीकशी हकीकत इतिहासकार ग्रँट डफने नोंदवली आहे. बाजीराव दोनेक मैलांवर उंचवट्यावर बसला होता आणि शेजारी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह होते. उन्हासाठी महाराजांनी अबदागीर धरवली, तर बाजीराव घाबरला. ती खाली घ्या, नाहीतर इंग्रज तिच्यातून तोफेचा गोळा पाठवतील, अशी त्याने विनवणी केली. ज्या तोफांच्या भरवशावर तो पंधरा वर्षे गादीवर बसला होता, त्यांचा पल्ला त्याला चांगलाच ठाऊक असावा. २० फेब्रुवारीला आष्टीला बापू गोखले पडले. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला.

शिरूरला उभे राहिलेले ते घोडदळ मात्र टिकले. आजच्या भारतीय लष्करातली ‘पूना हॉर्स’ ही रणगाड्यांची रेजिमेंट त्याचीच वारस. सप्टेंबर १९६५ मध्ये ती सियालकोट आघाडीवर होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. त्याच सुमारास चीनने सिक्कीम सीमेवरून भारताला निर्वाणीचा खलिता धाडला. चीनने पहिली अणुचाचणी ऑक्टोबर १९६४ मध्ये आणि दुसरी मे १९६५ मध्ये केली होती. भारताकडे बॉम्ब नव्हता, आणि कोणाचे छत्रही नव्हते.

छत्राचा विचार दिल्लीत झाला होता. पहिल्या चिनी स्फोटानंतर दोन महिन्यांत लालबहादूर शास्त्री लंडनला गेले असता अण्वस्त्र नसलेल्या देशांना बड्या सत्तांनी हमी द्यावी, हा विषय त्यांनी काढला. फ्रान्समध्ये दगॉल तेव्हा उलट दिशेने निघाले होते. पॅरिस वाचवण्यासाठी अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावील यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि १९६० मध्येच त्यांनी स्वतःचा बॉम्ब फोडला होता. एप्रिल १९६७ मध्ये इंदिरा गांधींचे सचिव एल. के. झा आणि विक्रम साराभाई मॉस्को-वॉशिंग्टनला जाऊन आले. दोन्ही राजधान्यांत सदिच्छा भरपूर मिळाली, पण भारतावर बॉम्ब पडला तर आम्ही बॉम्ब टाकू असे बांधून घ्यायला कोणी तयार नव्हते. त्या बदल्यात कोणाला आपल्या भूमीवर छावणी द्यायला भारतही तयार नव्हता. पुढच्या वर्षी अण्वस्त्रप्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. भारताने सही केली नाही. १८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिली चाचणी झाली.